ट्रेलर जोडून फिरतं घर करायचंय? कोल्हापूरच्या नवख्यांसाठी पहिल्यापासून

आम्ही दोघं नवरा-बायको ट्रेलरमध्ये राहायला लागून तिसरं वर्ष झालं. पत्ता कोल्हापूरचाच आहे, आधार, मतदान, बँक, गाडीचा विमा सगळं फुलेवाडीच्या घराचं, तिथं आई-आबा असतात, आणि आम्ही घर मागं जोडून जिथं काम असंल तिथं. आता पाहुण्यातली, गल्लीतली पोरं विचारायला लागल्यात की आम्हालाबी असं राहायचंय, सुरुवात कुठनं करू. सगळ्यांना फोनवर तास तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

जो येतो तो पहिल्यांदा ट्रेलरचे फोटो दाखवतो. बेड कसा आहे, किचन कसं आहे, खिडकीला जाळी आहे का. वजन कोणच विचारत नाही. आणि हे सगळं काम खरं तर वजनाचं आहे, घर किती जड, कुठं जड, आणि ते ओढणारी गाडी त्याला थांबवू शकते का. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टर ड्रायव्हरला हे तोंडपाठ असतं. आपल्या जिल्ह्यात असा माणूस प्रत्येक गावात सापडतो, त्याच्याजवळ एक दिवस बसा, चार व्हिडिओ बघून जे कळत नाही ते कळेल.

आधी गाडी, मग ट्रेलर

लोक ट्रेलर आवडला म्हणून बयाणा देतात आणि मग गाडी शोधतात. उलटं करा. तुमच्याकडं जी गाडी आहे किंवा घेणार आहात तिचं मॅन्युअल काढा आणि टोइंगची, म्हणजे मागं ओढायची, क्षमता लिहिली आहे का बघा. आपल्याकडं बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ती नसतेच, मग कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, शोरूममधला माणूस तोंडी "ओढतीया की आरामात" म्हणाला तर त्याला काही अर्थ नाही. गाडी ओढते किती हा प्रश्नच नाही, बोलेरोसुद्धा सपाट रस्त्यावर काय वाट्टेल ते ओढेल, प्रश्न आहे थांबते का. नवख्या माणसासाठी साधा हिशोब असा की भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत पाहिजे, आणि मी तर म्हणतो पहिल्या वर्षी ६० टक्क्यांच्या आतच ठेवा. आमची गाडी साधारण १८०० किलोची, ट्रेलर भरून ९८० किलो. घाटात मला याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

हिच म्हणजे ट्रेलर अडकवायला गाडीच्या मागं बसवायचा जोड, त्याच्यावर लोखंडी गोळा असतो तो बॉल. हिच चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बोल्टनं बसला पाहिजे. मागच्या बंपरच्या पत्र्याला वेल्डिंग मारून बॉल लावून देणारे आहेत, असलं काम मी डोळ्यानं बघितलंय आणि तो बॉल हातानं हलत होता. असं कोण देत असेल तर गाडी तशीच माघारी फिरवा.

ट्रेलर घेण्याआधी कागदाचं बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ६१ ट्रेलरबद्दलच आहे. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते, त्याला स्वतःचा नंबर असतो, आणि ट्रेलरच्या मागं ओढणाऱ्या गाडीचा नंबर दिसायला पाहिजे. उद्यमनगरातल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही, एक्सल म्हणजे चाकांचा आडवा दांडा, पाटे, सांगाडा, काय सांगाल ते करून देतील, पण घरी बनवलेला ट्रेलर म्हणजे रस्त्यावर चालायला परवानगी असलेला ट्रेलर नव्हे, मंजूर डिझाइन आणि आरटीओची नोंद लागते, म्हणून पैसे द्यायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा. विम्यातपण ट्रेलरची नोंद वेगळी करून घ्या. आणि कोण व्हॅनच्या आतच घर करणार असेल तर त्यांनी कलम ५२ वाचावं, गाडीत मनानं बदल करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच परत सांगितलंय.

काट्यावर जा

आपल्याकडं वजनकाट्याला तोटा नाही, ऊस, गूळ, वाळू, भंगार, सगळ्यासाठी काटे आहेत आणि थोड्या पैशात पावती मिळते. ट्रेलर पूर्ण भरा, म्हणजे पाणी, गॅस, भांडी, कपडे, अंथरूण, पुस्तकं, सगळं जसं राहणार तसं, आणि काट्यावर जा. तीन वजनं करायची. पहिलं गाडी आणि ट्रेलर दोन्ही काट्यावर. दुसरं जोडलेलंच ठेवून गाडी पुढं काढायची, फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. तिसरं ट्रेलर सोडून, पुढच्या जॅकच्या चाकासकट एकटा ट्रेलर. तिसऱ्यातनं दुसरं वजा केलं की जे उरतं ते ट्रेलरचं गाडीच्या बॉलवर बसलेलं वजन. मोठा काटा पाच-दहा किलो इकडंतिकडं दाखवतो म्हणून हे वजन घरी बाथरूमच्या काट्यावर फळी ठेवून परत एकदा बघा, ट्रेलर सपाट जागेवर आणि बॉलच्या उंचीला धरून.

हे बॉलवरचं वजन म्हणजे सगळ्या खेळाचा जीव. बैलगाडीत मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांना ओढताच येत नाही, आज्जा लोकांना हे सांगावं लागायचं नाही. ट्रेलरचं तेच आहे. मागं जड झाला की तो गाडीची मागची बाजू वर उचलतो आणि वेगात शेपटीसारखा हलायला लागतो. फार पुढं जड झाला तर गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग लागत नाही. एकूण वजनाच्या साधारण १० टक्के बॉलवर धरा, आणि हिचवर किंवा मॅन्युअलमध्ये जी मर्यादा लिहिली असेल तिच्या वर जाऊ नका. आमचं ९० किलो येतं.

पहिल्या मोठ्या ट्रिपला मी चुकलो होतो. वीस लिटरचे चार कॅन मागच्या कप्प्यात ठेवले कारण तिथनं काढायला सोपे, म्हणजे ८० किलो एक्सलच्या मागं. बेळगावहून येताना तवंदी घाटाच्या उतारावर शेजारनं कंटेनर गेला आणि ट्रेलर डावीकडं उजवीकडं झुलायला लागला, आरशात ते दिसतं तेव्हा पोटात खड्डा पडतो. बायको शेजारी काही न बोलता दाराला धरून बसली होती. नशीब वेग ६० च्या आत होता, पाय ॲक्सिलरेटरवरनं काढला आणि स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं, शांत झाला. घरी येऊन बॉलवर वजन केलं तर फक्त ३० किलो. तेव्हापासून पाणी, बॅटरी, डबे, जे जे जड ते एक्सलच्या वर किंवा थोडं पुढं आणि जमिनीला धरून. वरच्या कपाटात चादरी आणि चुरमुरे.

झुलायला लागला तर काय करायचं ते परत लिहितो कारण घाबरून माणूस नेमकं उलटं करतो. पाय काढा, स्टेअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका, वेग वाढवून सरळ करायला बघू नका. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील आणि पुढं कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं हळू दाबा.

जोडायचं कसं

कपलर म्हणजे ट्रेलरच्या तोंडाला असलेली, बॉलवर बसणारी वाटी. बॉलच्या मापाचाच कपलर पाहिजे, ५० मिलीमीटर म्हणजे ५० मिलीमीटर, "बसतोय की" चालणार नाही. कपलर बसवून लॉक केला की जॅकनं ट्रेलरचं तोंड थोडं वर उचलून बघा, गाडीची मागची बाजू सोबत उचलली म्हणजे लॉक लागलाय, कपलर सुटून वर आला म्हणजे तुम्ही वाचलात. साखळ्या दोन, कपलरच्या खालनं एकमेकींना छेदून लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर तोंड रस्त्यावर न आपटता साखळीच्या झोळीत पडतं. ब्रेकअवेची वायर गाडीला वेगळी अडकवायची, साखळीला किंवा बॉलला गुंडाळायची नाही, कारण ट्रेलर सुटला की त्या वायरीनंच त्याचे ब्रेक लागणार आहेत. मग लाइट. एकानं मागं उभं राहायचं, ब्रेक, डावा, उजवा, पार्किंग. जॅकचं चाक पूर्ण वर. दार बंद, गॅस बंद, खिडक्या बंद. मग चाकाखालचे ठोकळे सगळ्यात शेवटी काढायचे. सोडताना उलटं, ठोकळे सगळ्यात आधी लावायचे. हा क्रम आम्ही दाराच्या आत चिकटवलाय आणि तिसऱ्या वर्षीपण वाचूनच करतो, एकजण वाचतो, एकजण हात लावून बघतो, आणि मध्येच कोण गप्पा मारायला आला तर पहिल्यापासून.

चाकांचं थोडक्यात. टायरवर चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, नक्षी नव्यासारखी दिसत असली तरी पाच-सहा वर्षांनी बदला. निघाल्यावर २५-३० किलोमीटरला थांबून दोन्ही हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग किंवा ब्रेक चिकटलाय, पुढं जाऊ नका. वर्षातनं एकदा बेअरिंग उघडून ग्रीस.

रिव्हर्स आणि रस्ता

रिव्हर्स शिकायला बाजारतळ बरा, बाजाराचा दिवस सोडून सकाळी सकाळी रिकामा असतो. स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला हात धरा, सहाच्या काट्यावर. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूला हात न्या. एवढंच. थोडं थोडं, आणि बिघडलं की पुढं घेऊन सरळ करून परत, बिघडलेलं रिव्हर्समध्येच सुधारायला गेलात की कपलर गाडीच्या कोपऱ्याला घासतो. छोटा ट्रेलर पटकन वळतो म्हणून तो जास्त अवघड, लांब ट्रॉलीला विचार करायला वेळ मिळतो. मला आठ सकाळी लागल्या आणि माझ्यापेक्षा बायको लवकर शिकली, आता अवघड जागेत तीच लावते. मागं उभं राहून सांगणाऱ्यानं आरशात दिसेल असं उभं राहायचं, दोघांचे इशारे आधी ठरवायचे, आणि "ये ये ये" ओरडणाऱ्या गर्दीकडं लक्ष द्यायचं नाही.

वळताना ट्रेलर आतल्या बाजूला कापतो, म्हणून थोडं पुढं जाऊन मग वळा. महाद्वार रोड, गुजरी, शिवाजी पेठेतल्या गल्ल्या, तिकडं ट्रेलर न्यायचाच नाही, बाहेर लावून रिक्षानं जा. पन्हाळ्यालापण मी ट्रेलर वर नेत नाही, खाली वाघबीळच्या बाजूला ओळखीच्या ठिकाणी सोडून नुसती गाडी घेऊन जातो.

वेग ६०. मागचे हॉर्न मारू देत, त्यांना जागा द्या. ६० चा ८० केला की थांबवायची ताकद जवळजवळ पावणेदोन पट लागते, आणि झुलायचा धोका वाढतो तो वेगळाच. चालू ट्रेलरमध्ये कुणालाच बसू द्यायचं नाही, पोरं कितीही हट्ट करू देत, झोपायला म्हणून आज्जीलासुद्धा नाही. गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळा लागेपर्यंत, रात्री गाडी काढू नका. ट्रॉलीला मागं लाइट असेलच असं नाही आणि रस्त्यावर पडलेल्या उसावरनं ट्रेलरची चाकं घसरतात.

पहिले हजार किलोमीटर घाट नको. सांगली-मिरज, कराड, असं सपाटीला हात बसवा. मग आंबा घाट, दिवसा आणि कोरड्या रस्त्याला. घाट उतरताना जुन्या ट्रक ड्रायव्हरांचंच ऐका, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणाला पेडल नुसतंच खाली जातं. दाबा, वेग कमी करा, सोडा, गार होऊ द्या. करूळ आणि फोंडा त्याच्या नंतर. भुईबावडा अरुंद आहे, ट्रेलर घेऊन मी जात नाही आणि नवख्यानं तर विचारपण करू नये.

घर चालवायचं: वीज, पाणी, संडास

विजेचा हिशोब वॅट-तासात करा, "दोन बॅटऱ्या बास होतील का" असं विचारून उत्तर मिळत नाही. आमचं असं आहे, २८ वॅटचा पंखा दहा तास म्हणजे २८०, छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ५००, लॅपटॉप-मोबाइल २५०, दिवे आणि पाण्याचा पंप ७०. झाले ११००. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत १२८० असतात, म्हणजे एका बॅटरीत एक दिवस काठावर, म्हणून दोन. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते पण १५० ची एक बॅटरी ५५-६० किलो भरते, आणि अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. लिथियमची १०० वाली १२-१३ किलो. इथंपण शेवटी वजनच आलं. छतावर ४०० वॅटचं सोलर आहे, मार्च-एप्रिलमध्ये भरून वाहतं आणि जुलैत चार चार दिवस काही नाही, म्हणून चालत्या गाडीवरनं चार्ज होणारा डीसी चार्जर पाहिजेच. मिक्सरसाठी १००० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर घ्या, तांबड्या रश्श्याचं वाटण पाट्यावर करायचं म्हटलं तर पाट्याचं वजन धरावं लागेल. इंडक्शनच्या नादाला बॅटरीवर लागू नका. कुणाच्या घरातनं वायर घेतली तर अर्थिंग आहे का टेस्टरनं बघा, आणि ट्रेलरमध्ये ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, लोखंडी सांगाडा आणि ओली जमीन म्हणजे खेळ नाही.

गॅस पाच किलोचा, उभा, पट्ट्यानं बांधलेला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक पाहिजे आणि तो कप्पा झोपायच्या जागेपासून बंद पाहिजे. ऊब यायला म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, त्याचा अलार्म मिळतो तो लावा.

पाणी माणशी दिवसाला २० लिटरमध्ये बसवता येतं, पहिल्या आठवड्यात ५० लागेल. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून लांब जायचं असेल तर टाकी पाव भरून निघा आणि पोचल्यावर भरा. अर्धी टाकी आत हिंदकळत असेल तर ट्रेलर चालवताना कळतं, टाकीला आत पडदे असलेलीच घ्या.

संडासाचं लाजून कोण विचारत नाही आणि सगळ्यात जास्त अडचण तिथंच होते. दोन रस्ते आहेत. एक कॅसेट, म्हणजे संडासाखालची काढून नेता येणारी टाकी, साधारण २० लिटरची, दोघांना तीन-चार दिवस पुरते, आणि ती फक्त सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासातच ओतायची. दुसरा कोरडा, लघवी वेगळी आणि बाकीच्यावर लाकडाचा भुसा, वखारीत पोतं भरून मिळतो. आम्ही कोरडा वापरतो, वास येत नाही, पाणी वाचतं. कॅसेटमध्ये औषध टाकत असाल तर शेतकऱ्याच्या गोबरगॅसला जोडलेल्या संडासात कधी ओतू नका, औषधानं त्यातले जिवाणू मरतात आणि त्या माउलीची चूल बंद पडते. आणि नदी, ओढा, रंकाळा इथं काहीही नाही, भांड्याचं पाणीसुद्धा नाही. पंचगंगेला आधीच काय कमी सोसावं लागतंय का.

उभं कुठं करायचं

रस्त्याकडेला राहायचं नाही. पाहुण्यांचा मळा, ओळखीचं गुऱ्हाळ, एखाद्या मठाचं आवार, विचारून राहायचं, काय द्यायचं ते आधी ठरवून द्यायचं आणि निघताना जागा आलो तेव्हापेक्षा स्वच्छ. आपली माणसं जेवायला बोलावतातच, रोज रोज जाऊन त्यांच्यावर भार टाकू नका.

जमीन बघा. काळी माती कोरडी असताना सिमेंटसारखी वाटते आणि वळवाचा एक पाऊस झाला की चाक रिमपर्यंत आत जातं, मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि ओढताना ड्रॉबार, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा, वाकतो. मुरमाच्या जागेवरच लावा, चाकाखाली फळ्या टाका, तोंड बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे रात्री निघायची वेळ आली तर रिव्हर्स नको.

पावसाळ्याचं मात्र मनावर घ्या. २०१९ आणि २०२१ ला पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता, सगळ्यांना आठवतंय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आमचा नियम असा की जूनपासून नदीकाठचा मळा नाही, आणि आकडा ३५ च्या पुढं गेला की राधानगरी धरणाचे दरवाजे उघडायची वाट न बघता ट्रेलर जोडून उंचावर. एकदा रस्ते बंद झाले की घराला चाकं असून उपयोग नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही जत, सांगोल्याकडं सरकतो, तिकडं पाऊस कमी आणि माळ मोकळा. मे महिन्यात छताचे सगळे जोड, खिडक्यांची रबरं बघून सीलंट मारून घ्या, आणि गादीच्या खालनं हवा जाईल अशी पट्ट्यांची चौकट ठेवा, नाहीतर श्रावणात गादी उलटी केली की काळी बुरशी दिसते.

पहिला महिना असा काढा

घर विकून, भाड्याची खोली सोडून लगेच निघू नका. पहिले आठ दिवस ट्रेलर अंगणात लावून त्यातच झोपा, त्यातच स्वयंपाक करा, घरातला संडास वापरायचा नाही, घरातला चार्जर वापरायचा नाही. काय कमी पडतं ते वहीत लिहा. मग दोन रात्री ३०-४० किलोमीटरच्या आत, जिथनं काही झालं तर घरी येता येईल. मग आठवडा. प्रत्येक वेळी परत येताना काट्यावर थांबा आणि नवी पावती जुन्याशी जुळवा. आमचं पहिल्या दोन महिन्यांत ६० किलो वाढलं होतं, त्यातलं निम्मं पाहुण्यांनी मायेनं दिलेला गूळ आणि आजऱ्याचा घनसाळ तांदूळ. पाच किलो तांदूळ ठेवला, बाकीचं फुलेवाडीला आईकडं उतरवलं, आणि परत बॉलवर वजन करून मगच दुसऱ्या दिवशी निघालो.